जुन्या सायकलचा कॉटर क्रँक: पिन काढणं, घासणं, बसवणं आणि टिकवणं

नॉटिंगहॅमची रॅले असो, बर्मिंगहॅमची हर्क्युलिस असो, आसनसोलची सेन-रॅले असो की गावोगाव दुधाच्या किटल्या वाहणारी अॅटलस किंवा हिरो, या सगळ्या काळ्या सायकलींचे क्रँक, म्हणजे पायडल ज्यांना जोडलेले असतात ते दांडे, कॉटर नावाच्या एका बोटाएवढ्या पोलादी पिनवर उभे असतात. पिन ढिली झाली की पायडल मारताना ‘टक्’ आवाज येतो, काही आठवड्यांत पायाला झोल जाणवतो आणि शेवटी क्रँक एक्सलवर, म्हणजे दोन्ही क्रँकना जोडणाऱ्या आसावर, फिरू लागतो. एवढ्यावरून कॉटर क्रँक बेभरवशाचा ठरवला जातो. ते बरोबर नाही. नीट बसवलेली चांगली पिन वर्षानुवर्षं हलत नाही. दोष बहुतेक वेळा ती बसवण्याच्या पद्धतीत असतो. कॉटर पिन ही पाचर आहे. ती बोल्टसारखी नटानं आवळली की बिघाडाला सुरुवात होते.

आत नक्की काय चालतं

बीबीतला (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे फ्रेमच्या तळाशी एक्सल ज्यात फिरतो तो भाग) एक्सल पिनच्या जागी साधारण १६ मिमी जाडीचा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सपाट खाच असते. क्रँकच्या डोळ्यातून, म्हणजे एक्सल ज्यात बसतो त्या टोकातून, आडवी जाणारी पिन एका बाजूनं उतरती तासलेली असते. ही उतरती बाजू एक्सलच्या खाचेवर दाबून बसते आणि सगळा जोर त्या दोन सपाट पृष्ठभागांमधून जातो. रोडस्टरचा (अशा साध्या काळ्या सायकलचा) क्रँक सहसा १६५ मिमी लांब असतो. एक्सलच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर फक्त ८ मिमी. म्हणजे पायडलवर ६० किलोचा भार पडला, की पिनवर त्याच्या किमान वीसपट, हजार किलोच्या वर, दाब येतो. पिन खाचेला पूर्ण सपाट टेकलेली असेल तर पोलाद तो सहज पेलतं. फक्त एका कडेवर टेकली असेल तर ती कड चेपते, पोकळी तयार होते, आणि पुढचं काम प्रत्येक पायडलगणिक आपोआप होत राहतं.

दोन्ही पिनांवरचा भार सारखा नसतो. चेनव्हील (साखळी फिरवणारं दातेरी चाक) उजव्या क्रँकला कायमचं जोडलेलं असल्यामुळे उजव्या पायाचा जोर थेट साखळीत जातो, पिनमधून जावा लागत नाही. डाव्या पायाचा जोर मात्र डाव्या पिनमधून एक्सलमध्ये, एक्सलमधून उजव्या पिनमध्ये आणि मग चेनव्हीलमध्ये जातो. म्हणून डाव्या पायानं जोर लावला की दोन्ही पिना कामाला लागतात.

दुसरी गोष्ट गतिरोधकांची. खड्डा किंवा गतिरोधक आला की आपण पायडल आडवं धरून त्यावर उभे राहतो. बहुतेकांचा उजवा पाय पुढे असतो. त्या वेळी मागे असलेला डावा पाय डाव्या क्रँकला उलट्या दिशेनं पिळतो. पायडल मारताना सुलट, गतिरोधकावर उलट. अर्धवट टेकलेली पिन या हिसक्यांत झुलते आणि तिच्या दोन्ही कडा झिजतात. सपाट रस्त्यावर रोज दहा किलोमीटर चालणाऱ्या सायकलपेक्षा खड्ड्यांतून तीन किलोमीटर जाणाऱ्या सायकलची पिन आधी ढिली होते, ती यामुळे.

आधी खात्री करा की दोष पिनचाच आहे

‘टक्’ आवाज पायडलच्या छऱ्यांतून, ढिल्या चेनव्हीलमधून किंवा बीबीच्या कपातूनही (छर्रे ज्यात फिरतात त्या वाटीतूनही) येतो. सीटपोस्टचा आवाजसुद्धा कधीकधी पायाखालून आल्यासारखा वाटतो.

सायकल भिंतीला टेकवा, ब्रेक आवळून धरा आणि दोन्ही क्रँक आडवे करा. दोन्ही पायडलांवर एकदम खाली दाब द्या. मग क्रँक अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा तसंच दाबा. फिरवून दाबल्यावर एक पायडल दुसऱ्याच्या मानानं किंचित खाली गेलं, तर पिन ढिली आहे. आता एक क्रँक हातात धरून बाहेर-आत हलवा. दोन्ही क्रँक एकत्र हलले तर बीबीचा कप ढिला आहे. हातातला एकटाच हलला तर त्या बाजूची पिन. दोन्ही चाचण्यांत काही सापडलं नाही, तर पायडल काढून त्याची दांडी बोटांनी फिरवून बघा.

लागणारं साहित्य

एक किलोची हातोडी (छोटी चालणार नाही, कारण पुढे येतंय), नटाला अचूक बसणारा पाना, अर्ध्या इंचाच्या जीआय पाइपाचा तुकडा, त्याखाली ठेवायला लोखंडी पट्टी, बारीक दाताची चपटी कानस, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन), मार्कर पेन, गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल. बीबीही उघडणार असाल तर लॉकरिंगचा (कप जागेवर धरणाऱ्या कड्याचा) हुक पाना, रॉकेल, ग्रीस आणि पाव इंची २२ छर्रे.

पाइप महत्त्वाचा. जमिनीपासून क्रँकच्या डोळ्याच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजा आणि पाइप त्याहून चार-पाच मिमी लांब कापा. मग सायकलचा त्या बाजूचा भार पाइपावर येतो. पाइपाच्या पोकळीत पिनचं टोक जातं, काठ क्रँकच्या डोळ्याला टेकतो आणि हातोडीचा ठोका सरळ जमिनीत उतरतो. पाइप नसेल तर तोच ठोका एक्सल, छर्रे आणि कपांनी खायचा. त्यात कपांवर छऱ्यांचे खड्डे पडतात आणि बीबी कायमची खडबडीत फिरते. खाली पट्टी ठेवायला विसरू नका, नाहीतर शहाबादी फरशी फुटेल.

पिन काढणं

आदल्या रात्री पिनच्या दोन्ही टोकांना तेल सोडा. सकाळी पुन्हा सोडा. सायकल दहा वर्षं अडगळीत पडून असेल तर दोन दिवस द्या.

आता नट सैल करा, पण काढू नका. नटाचा वरचा काठ पिनच्या टोकाबरोबर सपाट येईल इतकाच वर आणा. ठोका नट आणि पिन दोघांवर मिळून बसतो आणि आटे चेपत नाहीत. क्रँक आडवा ठेवा, नट वर, पिनचं डोकं खाली. पाइप डोक्याच्या बाजूला असा लावा की डोकं पोकळीत उतरेल. सायकल धरायला दुसरा माणूस हवाच.

मग एकच ठोका, पूर्ण ताकदीनं. इथेच बहुतेकांचं चुकतं. सायकलला इजा होईल या भीतीनं हलके हलके टक-टक केलं जातं. हलक्या ठोक्यांनी पिन निघत नाही, फक्त तिचं टोक छत्रीसारखं पसरतं, आणि पसरलेलं टोक भोकातून जात नाही. जड हातोडीच्या एक-दोन ठोक्यांत पिन सुटते. सुटली की आवाज बदलतो, ठणक जाऊन बोदा होतो. मग नट काढा आणि उरलेली पिन पंचानं खाली पाडा.

ठोकाठोक नको असेल तर जड सी-क्लॅम्प आणि सॉकेट वापरा. सॉकेट डोक्याच्या बाजूला, क्लॅम्पचा स्क्रू नटाच्या टोकावर. पूर्ण आवळा आणि ताण असतानाच क्रँकच्या डोळ्यावर बाजूनं हातोडीचा एक टोला द्या. क्लॅम्प घडीव हवा. बाजारातला ओतीव क्लॅम्प या दाबाखाली तडकू शकतो. जुन्या सायकली नियमित दुरुस्त करणाऱ्यांनी लेथवाल्याकडून कॉटर प्रेस (पिन दाबायचं स्क्रूचं साधन) बनवून घ्यावा, त्याच प्रेसनं पिन काढता येते आणि बसवताही येते.

पिन वाकली किंवा टोक पसरलं, तर आट्यांचा भाग हॅकसॉनं क्रँकला लागून कापा, मधोमध पंचाची खूण करा, आधी ४ मिमी आणि मग ६ मिमीचं ड्रिल घाला. आतून पोकळ झालेली पिन दबते आणि पंचाच्या ठोक्यानं निघते. ड्रिल तिरकं गेलं तर क्रँकचं भोक बिघडतं, म्हणून सायकल उभीच ठेवून क्रँक आडवा करा, म्हणजे पिन उभी येते, आणि ड्रिलही सरळ उभं धरा. ब्लो-लॅम्पचा जाळ शेवटचा उपाय. त्यानं क्रोम निळं पडतं, जवळचा रंग जळतो आणि बीबीतलं ग्रीस वितळून बाहेर येतं.

बीबी उघडलीच आहे तर

दोन्ही पिना निघाल्यावर बीबी न उघडता परत बसवणं म्हणजे अर्धं काम. डावीकडची लॉकरिंग आणि डावा कप घड्याळाच्या उलट दिशेनं उघडतात. उजवा कप, ज्याला दुकानात फिक्स कप म्हणतात, उलट्या आट्यांचा असतो आणि घड्याळाच्या दिशेनं उघडतो. तो ढिला किंवा खराब नसेल तर काढूच नका, जागेवरच पुसून टॉर्च मारून बघा.

नवा कप घ्यायची वेळ आली तर जुना सोबत न्या. बहुतेक इंग्रजी पद्धतीच्या सायकलींचे कप इंचाला २४ आट्यांचे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेनं मात्र आपल्या सायकलींना २६ आटे ठेवले. २४ चा कप २६ आट्यांच्या बीबीत दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की फ्रेमचे आटे गेले, आणि फ्रेमचे आटे दुकानात मिळत नाहीत.

छर्रे प्रत्येक बाजूला ११, पाव इंची. जाळीतले छर्रे बसवायला सोपे, पण जाळीत संख्या कमी असते आणि भार थोड्या छऱ्यांवर येतो. सुटे ११ घ्या आणि सगळे एकदम बदला. जुन्यांत चार नवे मिसळले तर आकारातल्या सूक्ष्म फरकामुळे सगळा भार त्या चारांवर येतो. एक्सल रॉकेलनं धुऊन छऱ्यांच्या वाटेवर नख फिरवा. नख अडकलं तर एक्सल बदला. खाचेच्या सपाट बाजूवर चेपल्याची पायरी दिसली तरीही बदला, कारण त्या पायरीवर कुठलीच नवी पिन टिकणार नाही.

एक्सल परत घालताना लांब बाजू उजवीकडे, चेनव्हीलकडे. उलटा गेला तर चेनव्हील फ्रेमला घासतं. डावा कप हातानं घट्ट करा, मग थोडासा सैल सोडून एक्सल फिरवा. लॉकरिंग आवळली की ती कपाला किंचित बाहेर ओढते, म्हणून आवळण्याआधी बेअरिंग एक कणभर घट्ट वाटलं तर ते बरोबर.

पिन निवडणं आणि घासणं

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या.

व्हर्नियरनं क्रँकचं भोक मोजा. जुनी पिन मोजू नका, ती झिजलेली असते. इंग्रजी आणि भारतीय रोडस्टरना बहुधा ९.५ मिमीची पिन लागते, फ्रेंच आणि काही इतर सायकलींना ९ मिमीची. ९.५ च्या भोकात ९ ची पिन सहज जाते आणि घट्टही वाटते, पण ती तिरकी होऊन बसते आणि आठवड्यात ढिली पडते. उताराचा कोनही बघा. रॅलेच्या पिनांचा उतार इतर पिनांपेक्षा वेगळा असतो.

दुकानात पिन हातात घेऊन कानशीची कड तिच्या टोकावर हलकेच ओढा. कानस लोण्यात गेल्यासारखी शिरली तर ती पिन परत द्या. मऊ पिना स्वस्त असतात आणि बसवताना छान घट्ट लागतात, कारण त्या चेपून जागा भरतात. मग भार आल्यावर आणखी चेपतात. पिना जोडीनंच घ्या, एकाच डब्यातल्या. जोडीचे नट-वायसरही त्यांचेच ठेवा, जुन्या इंग्रजी पिनेचे आटे आजच्या पिनेशी जुळतीलच असं नाही.

नवी पिन क्वचितच जशीच्या तशी बसते. तिच्या सपाट बाजूवर मार्करनं काळा रंग द्या, क्रँकमध्ये घाला, हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकेच ठोका आणि परत काढा. रंग जिथे पुसला गेला तिथेच ती टेकते. पट्टा फक्त एका कडेला असेल तर कोन चुकीचा आहे. शेगड्याच्या (बेंच व्हाइसच्या) जबड्यात अॅल्युमिनियमचे तुकडे घालून पिन आडवी धरा, सपाट बाजू वर. कानस दोन्ही हातांनी धरून एकाच दिशेनं ढकला, मागे ओढताना उचला. पाच-सहा हात मारा, पुन्हा रंग, पुन्हा चाचणी. निम्म्याहून जास्त पृष्ठभागावरचा रंग सारखा पुसला जाईपर्यंत हे करा. कंटाळवाणं आहे, पण पिन किती टिकणार ते इथेच ठरतं.

खोलीही बघा. पिन पूर्ण बसल्यावर वायसर आणि नट बसून वर एक-दोन आटे दिसायला हवेत. नटाला आटेच मिळत नसतील तर पिन आणखी घासा. पिन इतकी आत गेली की आटे संपतात तिथेच नट अडतो आणि क्रँकला टेकत नाही, तर पिन चुकीची आहे किंवा जास्त घासली गेली. तिला पत्र्याचा तुकडा लावून बसवू नका, दुसरी घ्या.

बसवणं

दोन्ही पिना उलट दिशांनी जातात. तपासायची सोपी रीत अशी: उजवा क्रँक वर आणा आणि त्याच्या नटाचं तोंड पुढे आहे की मागे ते बघा. मग डावा वर आणा. त्याचंही तोंड त्याच दिशेला हवं. तसं नसेल तर एक पिन उलटी गेली आहे आणि दोन्ही क्रँक एका रेषेत येणार नाहीत.

पिनेला मशीनच्या तेलाचा पातळ थर द्या. काही मिस्त्री पिन कोरडीच ठोकतात, तेलानं ती सुटेल असं त्यांना वाटतं. पण नीट दाबून बसलेली पिन तेवढ्या तेलानं सुटत नाही. शिवाय आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात, कोरडी पिन दोन पावसाळ्यांत गंजून क्रँकशी एकजीव होते.

क्रँक आडवा, पिनचं डोकं वर, खाली पाइप. आट्याचं टोक पाइपाच्या पोकळीत. दोन-तीन जोरदार ठोके द्या. वायसर घालून नट छोट्या पान्यानं, मनगटाच्या जोरावर आवळा. पुन्हा डोक्यावर एक ठोका द्या आणि नट बोटानं तपासा. ठोक्यानं नट सैल झाला म्हणजे पिन अजून आत गेली. पुन्हा आवळा, पुन्हा ठोका. ठोका देऊनही नट जागचा हलत नाही, तिथे थांबा. नटाचं काम पिन मागे सरकू न देणं एवढंच. लांब पान्यानं नट आवळून पिन आत ओढू गेलात तर आटे तुटतात किंवा पिनेची मान ताणली जाऊन महिनाभरानं रस्त्यात मोडते.

दुसरी पिनही बसली की सरळपणा मोजा. उजवा क्रँक बरोबर आडवा करा आणि टेपनं दोन्ही पायडलांच्या मध्याची जमिनीपासूनची उंची घ्या. १६५ मिमीच्या क्रँकवर ३ मिमीचा फरक म्हणजे साधारण एक अंश. ५-६ मिमीपर्यंत पायाला कळत नाही. त्याहून जास्त असेल तर एक पिन दुसरीपेक्षा जास्त घासली गेली आहे.

पहिल्या २० ते ३० किलोमीटरनंतर पाइप पुन्हा लावा, एकेक ठोका द्या आणि नट तपासा. १०० किलोमीटरनंतर आणखी एकदा. हे टाळलं तर आधीची सगळी मेहनत वाया जाऊ शकते. कानशीनं राहिलेले बारीक उंचवटे सुरुवातीच्या भाराखाली दबतात आणि पिनेला केसाएवढी जागा मिळते. तेवढी जागा भरून काढायला एक ठोका पुरतो.

रस्त्याकडेचे जुगाड

पिनेच्या बाजूला पत्र्याची पट्टी घालणं सर्रास चालतं. घरी पोहोचण्यापुरतं ठीक. पण पट्टी महिनाभर राहिली तर ती सरकत राहते आणि एक्सलच्या खाचेची कड गोल करते. मग नुसत्या पिनेऐवजी एक्सलही बदलावा लागतो.

क्रँक एक्सलला वेल्डिंग करून टाकणं त्याहून वाईट. त्यानंतर बीबी उघडायची तर वेल्ड कापावा लागतो आणि क्रँक व एक्सल दोन्ही भंगारात. जुनी सायकल विकत घेताना क्रँकच्या डोळ्याभोवती वेल्डिंगचा गाठाळ पट्टा किंवा त्यावर फासलेला काळा रंग दिसला तर तेवढी किंमत आधीच कमी करून घ्या. पिनेच्या भोकापासून निघणारी बारीक चीर आहे का तेही बघा. चीर पडलेला क्रँक कितीही सुंदर असला तरी चालवायचा नाही, अगदी त्याच्या चेनव्हीलमध्ये रॅलेचे बगळे कोरलेले असले तरी.

पावसाळ्याआधी आणि नंतर

जुन्या इंग्रजी सायकलींच्या बीबीवर तेल सोडायला झाकणाचं भोक असतं. ते असेल तर रोज चालणाऱ्या सायकलला आठवड्याला इंजिन ऑइलचे काही थेंब पुरतात. नसेल तर पावसाळा संपल्यावर बीबी उघडून ग्रीस बदला, कारण सीटच्या नळीतून पाणी सरळ बीबीत उतरतं. मे महिन्यात पिनेच्या दोन्ही टोकांवर ग्रीसचं बोट फिरवून ठेवलं तर पुढच्या वेळी ती एका ठोक्यात निघेल. सायकल घेऊन दूर जाणार असाल तर एक घासून जुळवलेली जादा पिन, नट-वायसरसकट, तेलकट चिंधीत गुंडाळून सीटच्या पिशवीत ठेवा आणि ती कुठल्या बाजूसाठी जुळवली आहे ते तिच्या डोक्यावर कानशीनं एक किंवा दोन रेघा ओढून लिहा.